दवाखान्यात कुणी सांगितलं

११ ऑगस्ट

खोलीत नवा पार्टनर आला. नाव धोंडप्पा, गाव मुरुम, माझ्याच वर्षाला पण बॉटनीला. गेल्या वर्षीचा पार्टनर फार बरा होता. खोलीला आग लागली असती तरी त्यानं मोबाईलमधून मान वर काढली नसती. हा तसला दिसत नाही. आल्या आल्या खोलीभर फिरला, खिडकी उघडून बघितली, पंख्याची बटणं दाबली, आणि वाकून माझ्या पलंगाखाली बघत म्हणाला, "मडकं कशाला ठेवलंय रे तिथं?"

"खाजेचं औषध आहे. थंड ठेवावं लागतं."

"बरं," म्हणाला. त्याच्या त्या 'बरं'वर माझा काडीचा विश्वास बसला नाही.

आई तुळजापूरहून मला सोडायला आली होती. जाताना तिनं धोंडप्पाचा नंबर मागून घेतला. "ह्याचा फोन लागत नाही रे कधी कधी," म्हणे. माझा फोन न लागायला काय झालंय? जिन्यात तिला गाठून विचारलं, "त्याला काही बोलली नाहीस ना?" तर म्हणते, "मी काय बोलणार बाबा, तुझ्या अण्णांनी तोंड शिवलंय माझं."

१२ ऑगस्ट

ही वही कुलपात राहते, म्हणून इथं तरी नाव घेऊन लिहितो. मला शुगर आहे. म्हाताऱ्यांची नव्हे, लहानपणीच होते ती. सातवीत असताना बेशुद्ध पडलो, सोलापूरला नेलं, तेव्हापासून दिवसातून चार वेळा सुई. मडक्यात ओल्या फडक्याखाली आहे ते खाजेचं औषध नव्हे, इन्सुलिन आहे.

हे घरात आम्हा तिघांना ठाऊक, बाहेर फक्त आत्याला आणि विम्याच्या एजंटाला. सख्ख्या मामालाही नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत क्लार्क आहेत, पण आमचं घराणं पुजाऱ्यांचं. लांबलांबचे यजमान दर्शनाला आले की आमच्याच घरी उतरतात, आमच्याच पंक्तीला जेवतात. त्यांना कळलं तर काय म्हणतील, ही अण्णांची धास्ती. म्हणतील, पिढ्यान्‌पिढ्या जगदंबेची सेवा करणाऱ्याच्या पोराला असला रोग? सेवेत कायतरी खोट असणार. म्हणून आमच्या घरात इन्सुलिनला 'टॉनिक' म्हणायचं. अण्णा तर मी सुई घेताना खोलीतून उठून जातात.

विम्याचंही तेच झालं. अण्णांच्या पतसंस्थेचा कुटुंबाचा विमा होता, त्यात मुलगा एकवीस वर्षांचा झाला की बाद. मी गेल्या वर्षी बाद झालो. मग कॉलेजचा विद्यार्थी विमा घेतला. आमचा एजंट उत्तरेश्वरकाका. फॉर्मवर 'जुना आजार आहे का' असा प्रश्न होता. काकांनी अण्णांकडं बघितलं, अण्णांनी छताकडं बघितलं. काका म्हणाले, "नाही लिहा. होय लिहिलं की वांदे. आणि ऐका, आता ह्याच्या नावानं कुठं चिठ्ठी न्हाय, बिल न्हाय, डॉक्टर न्हाय. कागदच नसला तर कोण काय शोधणार?"

तेव्हापासून मी सोलापूरच्या डॉक्टरकडं गेलेलो नाही. इन्सुलिन आत्याच्या नावानं येतं. डोस माझा मीच ठरवतो. जमतंय की.

१९ ऑगस्ट

धोंडप्पावर लक्ष ठेवून आहे. तीन गोष्टी खटकल्या.

त्याच्या फळीवर लिमलेटच्या गोळ्यांची पुडी असते. स्वतः एकही खात नाही. पुडी कमी झाली की लगेच नवी आणतो. काल दुपारी लायब्ररीत मला घाम फुटला, अक्षरं पोहायला लागली. हा समोरून उठून आला, दोन गोळ्या माझ्या तळहातावर ठेवल्या आणि परत जाऊन बसला. मी खाल्ल्या, बरं वाटलं. पण याला कसं कळलं? हा वाचत होता की माझ्याकडं बघत होता?

दुसरं म्हणजे मडकं. मी वर्गातून आलो तर फडकं ओलंचिंब. मी सकाळी भिजवायला विसरलो होतो, हे मला पक्कं आठवतंय. म्हणजे कुणीतरी मडकं उघडलं.

तिसरं म्हणजे हा घरी फोनवर कानडीत बोलतो. आईला अव्वा म्हणतो. आज त्या बोलण्यात माझं नाव आलं, आणि पुढं 'सक्करे'. सक्करे म्हणजे साखर, एवढं तुळजापुरात वाढलेल्या माणसाला कळतं. आमच्या घरी कर्नाटकातले यजमान काय कमी उतरतात का! मी पाठ करून पडलो होतो, झोपेचं सोंग घेऊन. फोन ठेवल्यावर त्यानं हळूच माझ्या पलंगाकडं बघितलं असणार. मला पाठीला जाणवलं.

३ सप्टेंबर

उत्तरेश्वरकाकांना फोन करून विचारलं, कंपन्या हॉस्टेलात माणसं पेरतात का. काका हसले आणि म्हणाले, "पेरत न्हायत, पण क्लेम झाला की विचारायला येतात. शेजाऱ्याला विचारतात, मेसवाल्याला विचारतात. म्हणून तोंड बंद." म्हणजे पेरत नसतील, पण पीक तर काढतातच.

आता मी सुई संडासात जाऊन घेतो. तिथं अंधार, डास, आणि बाहेरून कुणीतरी दार बडवणार. आज जेवणाची सुई घेतली की रात्रीची, लांब पुरणारी, याचाच गोंधळ झाला. देवा, हे काय जगणं आहे!

२१ सप्टेंबर

उद्या घट बसणार म्हणून घरी आलो. घरात यजमान भरलेत. अण्णांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "शंतनूलाही नऊ दिवस उपास." यजमानीणबाई म्हणाल्या, "गुणाचं लेकरू." आई चुलीपाशी गेली आणि भांडी आपटायला लागली.

२८ सप्टेंबर

दिवसा उपास, आणि आई मला कोठीत बोलावून चोरून भाकरी देते. यजमान मधेच आत आले तर तोंडातला घास तसाच ठेवून उभा राहतो. कधी सुई आधी होते आणि भाकरी मागाहून, कधी भाकरी होते आणि सुई राहते. आज शुगर तपासायच्या पट्ट्याही संपल्या. आत्याच्या नावानं इतक्या पट्ट्या नेल्या तर मेडिकलवाला संशय घेईल, असं अण्णांचं म्हणणं. तो आत्ताच बघतो माझ्याकडं वेगळं.

आई म्हणाली, "एकदा सोलापूरला जाऊन येऊ." अण्णा म्हणाले, "आणि कागद तयार करू? चांगलं चाललंय त्यात बिब्बा घालू नको."

८ ऑक्टोबर

हॉस्टेलवर परत. घसा धरलाय, ताप आहे. जेवण जात नाही, म्हणून सुईही कमी केली. पोटात काही नाही तर इन्सुलिन कशाला, साधा हिशेब. तहान मात्र भयंकर. माठ मी एकट्यानं संपवला. धोंडप्पा म्हणाला, "चल दवाखान्यात." मी म्हणालो, "तुला काय रे एवढी घाई मला दवाखान्यात न्यायची?" तो माठ उचलून पाणी आणायला गेला. बघा, दुखलं की नाही बरोबर जागी.

९ ऑक्टोबर

उलट्या. धोंडप्पा माझ्या तोंडाजवळ वाकून म्हणतो, "तुझ्या तोंडाला कसला गोड वास येतोय रे, पिकल्या फळागत." मी हाकलला त्याला. कुणाच्या तोंडाचा वास घ्यायला कोण येतं? त्यानं बाहेर जाऊन फोन लावला. कुणाला लावला ते ऐकू येत नाही, पण काकू काकू म्हणतोय. याची कोण काकू? श्वास लई जोरात चाललाय. लिहवत नाही

१५ ऑक्टोबर

जिवंत आहे. दोन दिवस मला काहीच आठवत नाही. अतिदक्षता विभागात होतो. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आणखी थोडा उशीर झाला असता तर माझ्या हातात काही नव्हतं." रक्तात आम्ल झालं होतं म्हणे. इन्सुलिन कमी केल्यानं. "ताप आला, जेवलं नाही, तरी रात्रीची, लांब पुरणारी सुई सोडायची नसते. तुम्हाला कुणी सांगितलं नाही का?" मी म्हणणार होतो, सांगणारा डॉक्टरच बंद केलाय. गिळलं.

खरी कुऱ्हाड पुढंच आहे. विमा कंपनीनं बिल द्यायला नकार कळवला. कारण भरतीच्या वेळी दवाखान्यानं नोंद केली की पेशंटला सातवीपासून शुगर आहे. मॅडमना सगळं माहीत होतं. सोलापूरला भरती होतो हे, सकाळची सुई किती, रात्रीची किती हे, पेनिसिलिन चालत नाही हेसुद्धा.

आणि मला दवाखान्यात आणलं कुणी? धोंडप्पानं. पहिले दोन तास सोबत कोण होतं? धोंडप्पा.

अण्णा कॉटशेजारी उभे राहून दात खात म्हणाले, "त्या मुरुमच्या पोरानं घात केला." आई पाण्याचा तांब्या भरायला उठून गेली. तांब्या भरलेलाच होता.

१९ ऑक्टोबर

घरी. दिवाळी आहे म्हणे. अण्णांनी पतसंस्थेतून उचल घेऊन दवाखान्याचं भागवलं. रात्री जेवताना स्पष्टच बोलले, "क्लेम मिळाला तर कॉलेज. नाही मिळाला तर पुस्तकं बांध आणि माझ्यासोबत पूजेला उभा राहा. दोन्हीकडं पुरवायची माझी ऐपत नाही." एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष! सहा महिने राहिलेत हो! मी पानावरून उठलो.

उत्तरेश्वरकाका आले होते. ते म्हणतात अजून धुगधुगी आहे. कंपनीचा माणूस चौकशीला येणार. त्या पोरानं लिहून दिलं की मी घाबरून ठोकून दिलं, मला काही माहीत नव्हतं, तर नोंद ढिली पडेल. मी विचारलं, "तो लिहून देईल?" काका म्हणाले, "दमात घ्या की."

मी रात्रभर एकच विचार करतोय. सोलापूरचं त्याला कळलं कसं? ती फाईल तर इथं घरी, आईच्या ट्रंकेत, साड्यांखाली. आणि पेनिसिलिन? ते तर मीच विसरलो होतो. म्हणजे हा किती खोल गेला असेल! माझा फोन उघडला असेल. माझ्या घरी कुणाला तरी फितवलं असेल.

आई म्हणाली, "जाऊ दे रे, जीव वाचला ना." मी तिच्यावर ओरडलो, "तुला काय कळतंय त्यातलं!"

२९ ऑक्टोबर

हॉस्टेलवर यायला निघालो तर आईनं दोन डबे बांधून दिले. एक माझा, एक धोंडप्पाचा. चकली, शेव, आणि त्याच्यासाठी वेगळे करंजीचे डबल थर. मी म्हणालो, "ज्यानं आपलं घर बुडवलं त्याला करंज्या?" म्हणाली, "दे. माझ्यासाठी दे." आईचं मन नको तितकं मोठं आहे, त्याचाच फायदा घेतात लोक.

डबा दिला नाही. माझ्याच ट्रंकेत ठेवला.

३० ऑक्टोबर

आज धोंडप्पाला धरला. दार लावून घेतलं आणि विचारलं, "तूच सांगितलंस ना डॉक्टरला?"

तो बूट काढत होता. एक बूट हातात तसाच राहिला. मग म्हणाला, "व्हय. म्याच सांगितलं."

"सोलापूरचं तुला कुणी सांगितलं?"

"कळलं."

"कसं कळलं?"

"कळलं म्हणलं ना. आता किती खोदतोस?"

माणूस डोळ्यांत बघत नव्हता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. मी तडक रेक्टरकडं गेलो आणि तक्रार दिली की पार्टनर माझं सामान उघडतो, मला खोली वेगळी पाहिजे. रेक्टरनं संध्याकाळीच त्याला वरच्या मजल्यावर हलवलं. गादी खांद्यावर टाकून निघाला. दारात थांबला आणि म्हणाला, "फडकं सकाळ-संध्याकाळ भिजवत जा. ऊन कमी झालं तरी." म्हणजे मडकं उघडत होता हे स्वतःच्या तोंडानं कबूल केलं!

लिमलेटची पुडी तशीच ठेवून गेला. मी फेकली नाही, पण खाणारही नाही.

४ नोव्हेंबर

उद्या कंपनीचा माणूस येतोय. अण्णा आणि काका येणार. आईनंही यायचं म्हणलंय. अण्णा फोनवर चिडले होते, "हिला काय काम तिथं?" खरंच काय काम?

धोंडप्पा लिहून द्यायला तयार झालाय. मी विचारायला गेलो तर म्हणाला, "देतो. काय लिहायचं ते सांग." इतक्या सहज? काहीतरी डाव आहे. कंपनीकडून याला आधीच काही मिळालं असेल, आता आमच्याकडून काय मिळतंय बघत असेल. मी म्हणालो, "का देतोस?" तर म्हणाला, "तुझं कॉलेज सुटू नये म्हणून." हूं!

५ नोव्हेंबर

शुगर तपासली, ठीक आहे.

रेक्टरच्या ऑफिसात बसलो होतो. कंपनीचा तपासनीस कृष्णराज म्हणून. तिशीतला, शांत, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या. मी मनात म्हणलं, असल्या शांत माणसांपासूनच जास्त जपायचं. धोंडप्पा कोपऱ्यात उभा. आई दाराजवळच्या स्टुलावर, पदर घट्ट धरून.

काकांनी सुरुवात केली. "साहेब, ह्या पोरानं घाबरून काहीबाही सांगितलं. ते तो लिहून देतोय. शंतनूला आजार आत्ताच निघाला."

कृष्णराजनं धोंडप्पाला विचारलं, "तुम्ही सांगितलंत?"

"व्हय साहेब. म्या अंदाजानं बोललो. मला काय माहीत न्हवतं."

"सातवी अंदाजानं?"

"व्हय."

"सोलापूर अंदाजानं?"

"व्हय."

"आणि रात्रीची सुई अठरा युनिटची, ती पण अंदाजानं? आणि पेनिसिलिन?" तो चिडला नव्हता. उलट त्याला वाईट वाटत होतं असं आता वाटतं. "भावा, मी इतकी वर्षं हे काम करतोय. खोलीतल्या पोराला हे माहीत नसतं. हे घरातल्या माणसालाच माहीत असतं."

अण्णा म्हणाले, "घरातलं कुणी नव्हतं तिथं. आम्ही पोचेपर्यंत भरती झाली होती."

"मी सांगितलं."

आधी कळलंच नाही कोण बोललं. आई उभी राहिली होती.

"ह्या लेकरानं मला फोन केला. म्हणाला, काकू, शंतनू उठत नाही, डॉक्टर विचारतायत, मी काय सांगू? मी म्हणलं, फोन डॉक्टरीणबाईंना दे. मीच सांगितलं सगळं. आणि मीच ह्याला म्हणलं, बाबा, आमच्या घरात कळू देऊ नको."

"चंद्रप्रभा, गप बस," अण्णा म्हणाले.

"नऊ वर्षं गपच आहे हो!" आई एवढ्या मोठ्यानं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "टॉनिक म्हणा म्हणलात, टॉनिक म्हणलं. उपास सांगितलात, कोठीत लपवून खाऊ घातलं, चोराला घालावं तसं. डॉक्टर बंद केलात. तिथं ती बाई विचारत होती, पोराला आधी काय आजार आहे? काय सांगायचं होतं मी? काही नाही म्हणायचं होतं? पोरगं मेलं असतं तर क्लेम कुणाच्या नावानं केला असता?"

रेक्टर खिडकीतून बाहेर बघायला लागले. मी आईकडं बघत होतो आणि मला आठवत होतं की मी तिच्यावर ओरडलो होतो, तुला काय कळतंय म्हणून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कृष्णराजनं माझ्याकडं वळून विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

अण्णांचे डोळे माझ्यावर होते. मी म्हणालो, "सातवीपासून आहे." इतकं सोपं वाक्य, पण म्हणायला नऊ वर्षं लागली. अण्णा उठले आणि बाहेर गेले.

क्लेम गेला. कृष्णराजनं निघताना सहज म्हणून जे सांगितलं, ते ऐकून मात्र मी खुर्चीतच खचलो. कॉलेजच्या या विम्यात जुना आजार लिहून दिला असता तर फक्त पहिलं वर्ष थांबावं लागलं असतं. गेल्या वर्षीच्या जूनमध्ये मी या विम्यात आलो, म्हणजे या जूनपासून सगळं चालू झालं असतं. ऑक्टोबरचा सगळा खर्च मिळाला असता.

मी उत्तरेश्वरकाकांकडं बघितलं. काका म्हणाले, "बघा! म्हणून म्हणत असतो मी, फॉर्म नेहमी खरा भरावा." कोण म्हणत असतो? हा बाबा म्हणत असतो? धन्य!

६ नोव्हेंबर

अण्णा कुणाशीच बोलत नाहीत असं आई फोनवर म्हणाली. कॉलेजचं विचारलं तर तिनं सांगितलं, "परीक्षेपर्यंत तू तिथंच राहायचंस. यजमानांचा स्वयंपाक मी करते, त्यातले माझ्या हातात काही ना काही पैसे असतातच. तुझ्या अण्णांनी विचारलं तर मी बघते." आणि सोमवारी ती येणार, मला माझ्या स्वतःच्या नावानं डॉक्टर मॅडमकडं न्यायला. विम्याचं विचारलं. उत्तरेश्वरकाकांना सोडून दुसऱ्या कुणाला तरी विचारू, असं ठरलं. आता खरं लिहून, थांबावं लागेल तितकं थांबायचं. तोवर आजारी पडायचं नाही म्हणे. जसं काही माझ्या हातात आहे.

संध्याकाळी वर गेलो, धोंडप्पाच्या खोलीवर. फराळाचा डबा नेला होता. करंज्या थोड्या मऊ पडल्या होत्या. त्यानं घेतला, बाजूला ठेवला.

मी म्हणालो, "चुकलो."

"व्हय," म्हणाला.

"मला का सांगितलं नाहीस?"

"काकू म्हणल्या, सांगू नको. आन तू इचारलंस ते बी दार लावून, दरडावून. तू सरळ रेक्टरकडं गेलास. चोर म्हणून."

"मडक्याचं तुला कसं कळलं?"

"माझी अव्वा घेती की सुई. आमच्या घरी मडकं चुलीशेजारी असतंय, सगळ्यांसमोर. फडकं वाळलं की जो दिसंल तो भिजवतोय. तुझं कायम वाळलेलं असायचं."

मी म्हणालो, "परत ये खाली. रेक्टरला मी सांगतो."

तो वहीवर रेघा ओढत बसला. मग म्हणाला, "न्हाय येत. रागानं न्हाय म्हणत, शंतनू. तुला कायबी झालं तर हाक मार, म्या पळत येतो. पण रोज सकाळी उठायचं आन तुझ्या डोळ्यात बघायचं की आज आपल्यावर कशाचा वहीम हाय, ते मला आता न्हाय जमायचं. त्यानं लई थकतो माणूस."

मी खाली आलो. भांडला असता तर बरं झालं असतं.

१० नोव्हेंबर

नवा पार्टनर आलाय, युवराज. तेरखेड्याचा. घरचा फटाक्यांचा कारखाना आहे, त्यामुळे मोठ्यानं बोलायची सवय. बॅग ठेवायच्या आत मी त्याला सांगून टाकलं. "मला शुगर आहे. सातवीपासून. चार वेळा सुई घेतो. मी घामाघूम झालो, वेड्यासारखं बोलायला लागलो तर फळीवरच्या लिमलेटच्या दोन गोळ्या माझ्या तोंडात घाल. उठलोच नाही तर तोंडात काही घालू नको, दवाखान्यात ने, आणि हे सगळं तिथं सांग."

तो तोंड उघडं टाकून ऐकत होता. पहिला प्रश्न काय, तर "हे दुसऱ्याला लागतंय का?"

"नाही."

"मग ठीक आहे. लेका, असं सांगतो होय कुणी? म्हणलं कायतरी मर्डर-बिर्डर केलास!"

हा कुणाकुणाला सांगत सुटेल, हे मनात आलंच. ती खोड एका आठवड्यात जायची नाही.

१२ नोव्हेंबर

रात्री मेसमध्ये पंगत बसली होती. ताटं वाढणं चाललं होतं. पन्नास-साठ पोरं. युवराजनं टेबलाच्या त्या टोकावरून फटाका फोडावा तसा आवाज काढला, "ए शंतन्या! सुई घेतली का रं?"

सगळी मेस वळून बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, "कसली सुई?" वाढणाऱ्या मावशींचा हात आमटीच्या डावासकट थांबला. धोंडप्पा पलीकडच्या टेबलावर होता. त्यानं मान वर केली नाही, पण त्याचा घासही हातातच राहिला.

माझे कान तापले. उठून संडासाकडं जायला पाय निघाले होते. गेलो नाही. खिशातून सुई काढली, सदरा वर केला आणि तिथंच, सगळ्यांसमोर, पोटात घेतली. मग भाकरी मोडली आणि मावशींना म्हणालो, "वाढा की आमटी."

त्यांनी वाढली.